विश्लेषण : मुलाखतीत डॉक्टरला ‘मूल कधी?’ विचारता येतं का?

एमडी-एमएसच्या प्रवेशाला मुलाखत नसते. नीट-पीजीचे गुण आणि समुपदेशन फेरी, बस्स. प्रश्न पुढे येतो. चंद्रपूर-गडचिरोलीत वरिष्ठ निवासी आणि कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं थेट मुलाखतीतून भरली जातात. तिथे ‘लग्न कधी?’ निघालंच, तर १९९१चा निकाल माहीत हवा. एलआयसीच्या घोषणापत्रात मासिक पाळी आणि गरोदरपणाचे तपशील भरावे लागत. ते लपवल्याचं सांगत नीरा माथुर यांना प्रसूती रजा घेतल्यावर कामावरून काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते लाजिरवाणे रकाने हटवायला सांगितले. तो खटला छापील अर्जाचा होता, तोंडी प्रश्नाचा नव्हे. पण तत्त्व तेच. ‘भामरागडला मुक्कामी राहाल का?’ हा प्रश्न मात्र रास्त. फक्त तो पुरुष उमेदवारालाही विचारलेला असावा.