जावा, एक्सेल आणि अडकलेली मेमरी

जावा प्रोग्रामने एक्सेल चालवायचे, तर मध्ये विंडोजची ‘कॉम’ व्यवस्था लागते. तिच्याशी बोलायला ‘जेकब’सारखी लायब्ररी वापरतात. सांगवीत बसून चाकणच्या कारखान्यांचे अहवाल तयार करणाऱ्या प्रोग्रामरलाही इथल्या दोन अडचणी टळत नाहीत.

पहिली थ्रेडची. कॉमच्या वस्तू ‘अपार्टमेंट’मध्ये राहतात, आणि एक्सेलच्या अपार्टमेंटमध्ये काम करणारा थ्रेड एकच. बाकीच्यांची हाक रांगेत थांबते. म्हणून एक्सेलचे सगळे काम एकाच राखीव थ्रेडकडे द्यावे.

दुसरी मेमरीची, आणि ती जास्त फसवी. वस्तू किती जणांनी धरली आहे हे कॉम मोजते. आकडा शून्यावर आला की ती सुटते. जावाचा गार्बेज कलेक्टर मात्र आपल्या सवडीने येतो. त्याला जावाकडची चिमुकली वस्तू दिसते, तिच्यामागचे अवजड एक्सेल दिसत नाही. मग काम संपल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल साचत जाते. प्रत्येक शीट, प्रत्येक रेंज हाताने सोडणे कंटाळवाणे आहे, पण आवश्यक.

सर्व्हरवर ऑफिस असे चालवू नये, हा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला. नुसती फाइल लिहायची असेल तर ‘अपाचे पीओआय’ या जावा लायब्ररीला एक्सेल लागतच नाही. मोठ्या फाइलींसाठीचा त्याचा ‘एसएक्सएसएसएफ’ प्रकार एरवी 100 ओळीच मेमरीत ठेवतो, उरलेल्या डिस्कवर लिहितो.