आपल्या मनासारखा घोडा घडवून घेताना

मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जाणारी, पौड-भूगाव पट्ट्यात राहणारी आपली अनेक कुटुंबे आहेत. पगार झाला की पोरांसाठी खेळणे येते ते बाजारातले, प्लॅस्टिकचे. चार दिवसांत त्याचा पाय मोडतो आणि ते कचऱ्यात जाते. कलावंताकडे जाऊन आपल्या मनासारखी वस्तू घडवून घेणे हे राजेरजवाड्यांचे काम, आपले नव्हे, असा समज आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बसला आहे. तो घालवायला हवा. उदाहरण घेऊ घोड्याचे.

घोडाच का? कारण आपला आणि घोड्याचा संबंध साधा नाही. गावगाड्यात घोड्यावर बसणे हा मान होता आणि मान कोणाला द्यायचा ते जात ठरवत होती. आपल्या नवरदेवाने घोड्यावरून गावातून जायचे नाही, हा अलिखित कायदा अनेक ठिकाणी होता. तो पुरता मेलेला नाही. उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातील निजामपूर गावी २०१८ साली एका दलित नवरदेवाला गावातून वरात नेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात ती वरात निघाली. म्हणून आपल्या घामाच्या पैशातून, आपण सांगितला तसा घडलेला घोडा आपल्या घरात असणे, याला खेळण्यापलीकडे अर्थ आहे.

घोडा कसा घडवून घ्यावा, याचा मोठा दाखला मुळशीहून फार लांब नाही. पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा साडेतेरा फूट उंचीचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. हे स्मारक व्हावे ही राजर्षी शाहू महाराजांची इच्छा. १९२१ च्या नोव्हेंबरात त्याची पायाभरणी झाली. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. पुढे राजाराम महाराजांनी हे काम तडीस नेले आणि जून १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार होते विनायकराव करमरकर, अलिबागजवळच्या सासवणे गावचे. लहानपणी गावात मातीच्या मूर्ती करणारा, भिंतीवर चित्रे काढणारा हा मुलगा. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्याचे चित्र पाहिले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. सासवण्याला त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. सवड काढून पोरांना अवश्य दाखवा.

एवढ्या मोठ्या कामाची रीत आणि एक फुटाच्या घोड्याची रीत मुळात एकच आहे. आधी लोखंडी सळ्यांचा किंवा तारेचा सांगाडा, कारण घोड्याचे सगळे वजन चार बारीक पायांवर येते. त्यावर मातीचे काम. मातीवरून प्लास्टरचा साचा आणि मग शेवटचे ओतकाम. माती ओली आहे तोवर मान वळवता येते, पाय सरकवता येतो. ओतकाम झाल्यावर काही बदलत नाही. म्हणून गिऱ्हाईकाने आपले म्हणणे मातीच्या नमुन्यावरच सांगावे.

पण सांगायचे काय? "एक घोडा करून द्या" एवढ्याने भागत नाही. कोणता घोडा, ते सांगा. मारवाडी आणि काठेवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक भिडवतात. आपल्या भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा अंगाने लहान, पण काटक. रंग सांगा: अबलख हवा, की चारी पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी? उभा, चालता की धावता, तेही सांगा. धावत्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवण्याची पूर्वी चाल होती. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून छायाचित्रे घेतली, तेव्हा कळले की चारी पाय जमिनीवरून सुटतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. नमुना पारखायची सोपी खूणही आहे. घोड्याची खांद्यापर्यंतची उंची त्याच्या डोक्याच्या लांबीच्या साधारण अडीच पट भरते, आणि अंगाची लांबीही जवळजवळ तेवढीच. दोरा घेऊन कोणीही मोजू शकतो.

विहारासाठी किंवा १४ एप्रिलच्या चित्ररथासाठी घोडा हवा असेल तर कंथक सांगा. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात सिद्धार्थ कंथकावर बसून भारद्वाजांच्या आश्रमाकडे निघतो आणि छन्न बरोबर पायी चालतो. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर हाच घोडा कोरला आहे. पाठ मोकळी, वर छत्र. स्वार न दाखवताही तो कोणाचा घोडा, हे पाहणाऱ्याला कळते.

लहान मुलासाठी लाकडाचा घोडा बरा. सावंतवाडीचे चितारी कारागीर लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेले आहेत. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड ते वापरत आले. आपल्या ओळखीचा सुतारही डुलणारा घोडा करून देईल. बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवा. बूड रुंद असावे, कुसळ राहू नये, खिळ्याचे टोक वर येऊ नये, डोळे चिकटवलेले नसावेत. रंग शिसे नसलेलाच हवा, कारण मूल घोड्याचा कान तोंडात घालणारच!

आता पैशाची गोष्ट. मूर्तिकारांकडे गणेशोत्सवाच्या आधी जाऊ नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. सण उरकल्यावर जा. माप, रंग, ठरलेली किंमत, दिलेला विसार आणि देण्याची तारीख हे सगळे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. दोघांचेही त्यात संरक्षण आहे. परवडत नसेल तर घोडा लहान करा, आयाळीचे बारीक काम कमी करा. पण ठरल्यावर "एवढ्याशा घोड्याला एवढे पैसे?" म्हणून मजुरी पाडू नका. आपल्या वाडवडिलांकडून गावाने वर्षभर राबवून घेतले आणि पदरात शिळे तुकडे टाकले. कामाचा दाम ठरवण्याचा हक्क त्यांना नव्हता. ते सोसलेल्यांनी दुसऱ्याच्या हाताची किंमत पाडू नये.

आणि कलावंताच्या दारात जाताना संकोचही नको. त्याच्याकडे हुन्नर आहे, आपल्याकडे कष्टाचा पैसा आहे. बसा, नमुना हातात घ्या, चुकले असेल तिथे बोट ठेवा, नीट झाले असेल तर मोकळ्या मनाने तसे सांगा. घोडा घरी आणाल तेव्हा तो कोणी घडवला त्याचे नाव पोरांना सांगायला विसरू नका.