दस्तरखान उचलताना

जेवायला बसताना 'बिस्मिल्ला' म्हणतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ऐकून ठाऊक असतं. पण जेवण झाल्यावर? ईदच्या दिवशी मैत्रिणीकडे शीरखुर्मा खायला गेलं, तरी ती दुआ कानावर पडतेच असं नाही. कारण बऱ्याचदा ती ओठांतल्या ओठांत म्हटली जाते.

सगळ्यात छोटी दुआ म्हणजे 'अलहम्दुलिल्लाह', सारी स्तुती अल्लाची. घास खाऊन किंवा घोटभर पाणी पिऊन माणसानं एवढं म्हटलं, तरी अल्ला प्रसन्न होतो, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांत, सांगितलंय. लहान मुलांना शिकवतात ती दुआ याहून थोडी मोठी. ज्यानं आम्हाला खाऊ घातलं, पाणी पाजलं आणि मुसलमान केलं, त्याची स्तुती असो, असा तिचा अर्थ.

दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, उचलतानाची दुआ वेगळी. तिचा भाव मोठा छान आहे. पोट भरलं म्हणून आम्ही निरोप घेत नाही, आमची गरज संपलेली नाही! दुधासाठी तर खास मागणं. इतर काही खाल्लं, की 'याहून चांगलं दे' म्हणायचं; दूध प्यायलं, की 'हेच आणखी दे'. कारण भूक आणि तहान दोन्ही भागवणारं दुसरं काही नाही. दुधाचा पेला घेऊन मुलांमागे धावणाऱ्या आयांना हे नक्की पटेल!

पण मैत्रिणींनो, आपल्या कामाची दुआ आहे ती पाहुण्याची. दुसऱ्याकडे जेवल्यावर पाहुणा यजमानांसाठी मागतो: यांना जे दिलंस त्यात बरकत दे, यांना क्षमा कर, यांच्यावर दया कर. आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, त्याच्याच जवळचं हे. देणाऱ्या देवाबरोबर वाढणारा हातही आठवायचा.

आता प्रश्न असा, की रोजच्या घरात पाहुणा कोण? रमजानमध्ये सहेरीसाठी पहाटे सगळ्यांच्या आधी उठते ती घरातली बाई. रोजा तिचाही असतो, तरी इफ्तारची भजी मगरिबची अजान होईपर्यंत तळत असते तीच. दस्तरखानावर ती टेकते सगळ्यांत शेवटी. नवरा, मुलं अल्लाचे आभार मानून उठतात, आणि तिच्या वाट्याला येतं, 'आज मीठ कमी होतं गं!' हे चित्र काही एकाच धर्माच्या स्वयंपाकघरातलं नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

खरं तर पैगंबरसाहेबांनी कधीच अन्नाला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं, असं हदीसच सांगते. आणि जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाचेही मानत नाही, हेही त्यांचंच वचन. म्हणजे घरच्या बाईचे आभार ही काही नव्या जमान्याची मागणी नाही. ती जुन्या शिकवणीतच आहे, फक्त घराच्या उंबऱ्याआत यायची राहून गेलीय.

मुलांना जेवणानंतरची दुआ शिकवताना, किंवा श्लोक शिकवताना, त्याला एक वाक्य जोडून द्या. 'आई, छान झालं होतं.' मात्र हे मनातल्या मनात नको, मोठ्यानं म्हणायला सांगा. आणि मुलांच्या बाबांनाही!