मोटारसायकलचे इंजिन तेल

मोटारसायकलचे इंजिन तेल हे चार-स्ट्रोक इंजिनातील हलत्या भागांना वंगण पुरवणारे तेल होय. आधार तेलाच्या स्वरूपानुसार त्याचे खनिज, अर्धसंश्लेषित आणि संश्लेषित असे तीन प्रकार मानले जातात. बाजारात ते अनुक्रमे मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि सिंथेटिक या नावांनी ओळखले जातात. संश्लेषित तेलाची किंमत खनिज तेलाच्या बऱ्याचदा दुप्पट किंवा त्याहून अधिक असते. त्यामुळे कोणते तेल घ्यावे, हा प्रश्न वाहनधारकासमोर प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी उभा राहतो. तेलाचा प्रकार हा या निवडीचा केवळ एक भाग असून श्यानता, क्लचशी असलेली सुसंगतता आणि तेल बदलण्याचा कालावधी यांचे महत्त्व त्याहून अधिक आहे.

कार्य

इंजिन तेल पिस्टन व सिलिंडर यांच्यातील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे सूक्ष्म कण स्वतःत सामावून घेते आणि धातूला गंजण्यापासून वाचवते. मोटारगाडीत गिअरपेटीसाठी सामान्यतः वेगळे तेल असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर व क्लच हे तिन्ही भाग एकाच तेलात काम करतात. शिवाय तेलाचे प्रमाणही अल्प असते. १०० ते १२५ सीसीच्या मोटारसायकलीत ते साधारण एक लिटर भरते. एवढ्या थोड्या तेलावर तिन्ही कामांचा भार पडत असल्याने त्याची झीज लवकर होते आणि पातळी थोडी जरी उतरली तरी इंजिनावर परिणाम होतो.

आधार तेलांचे गट

इंजिन तेलाचा मोठा भाग आधार तेलाचा असून उरलेला भाग पूरक रसायनांचा असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने आधार तेलांची विभागणी पाच गटांत केली आहे. पहिल्या व दुसऱ्या गटातील तेले कच्च्या खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळतात; त्यांपैकी दुसऱ्या गटातील तेलांत गंधकाचे प्रमाण कमी असते. तिसऱ्या गटातील तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया केलेली असते. त्याचा श्यानता निर्देशांक १२० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. चौथ्या गटात पॉलिअल्फाओलेफिन हे रासायनिक संश्लेषणाने तयार होणारे तेल येते. एस्टरसह उर्वरित सर्व आधार तेले पाचव्या गटात मोडतात.

‘संश्लेषित’ या शब्दाची व्याख्या सर्वत्र एकसारखी नाही. तिसऱ्या गटातील तेलाला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावरून अमेरिकेत मोबिल व कॅस्ट्रॉल या कंपन्यांमध्ये वाद झाला. १९९९ साली तेथील जाहिरातविषयक स्वनियामक यंत्रणेने असे तेल सिंथेटिक म्हणून विकण्यास हरकत नसल्याचा निर्णय दिला. परिणामी डब्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेल्या दोन तेलांची आधार तेले भिन्न असू शकतात. ‘सेमी-सिंथेटिक’ या शब्दावरूनही त्यात संश्लेषित तेलाचे प्रमाण किती आहे, हे कळत नाही.

श्यानता

श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्यास होणारा विरोध. बोलीभाषेत तेलाचा दाटपणा. ‘२०डब्ल्यू-४०’ किंवा ‘१०डब्ल्यू-३०’ हे ग्रेड सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेच्या जे३०० मानकानुसार ठरतात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दावरून आले आहे. त्याच्या आधीचा अंक थंडीतील वर्तन दाखवतो, तर नंतरचा अंक १०० अंश सेल्सिअसला असणारी श्यानता दाखवतो. या तापमानाला ३० ग्रेडच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असते.

खनिज तेल असो वा संश्लेषित, ग्रेड तोच असेल तर या मर्यादाही त्याच असतात. म्हणून संश्लेषित तेल नेहमीच पातळ असते, हा समज बरोबर नाही.

क्लच आणि जासो मानक

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्याला ओला क्लच म्हणतात. क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरण्यासाठी ठरावीक घर्षण आवश्यक असते. मोटारगाड्यांच्या काही तेलांत इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी रसायने मिसळलेली असतात. असे तेल मोटारसायकलीत घातल्यास क्लच घसरण्याची शक्यता असते. तेव्हा इंजिनाचे फेरे वाढतात, पण वाहनाचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

ही अडचण लक्षात घेऊन जपानच्या जासो या संस्थेने १९९८ साली टी ९०३ हे मानक लागू केले. त्यातील ‘एमए’ वर्गाचे तेल ओल्या क्लचसाठी योग्य असते. २००६ मध्ये या वर्गाचे एमए१ व एमए२ असे उपवर्ग करण्यात आले. त्यांपैकी एमए२ मध्ये घर्षण अधिक असते. कमी घर्षणाचे ‘एमबी’ तेल प्रामुख्याने गिअरविरहित स्कूटरसाठी असते, कारण तिचा क्लच इंजिन तेलाच्या बाहेर कोरडा असतो. सिंथेटिक तेलाने क्लच घसरतो, असे गॅरेजमध्ये अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात हा दोष घर्षण घटवणाऱ्या रसायनांचा असतो. एमए किंवा एमए२ चिन्ह असलेले संश्लेषित तेल ओल्या क्लचला चालते.

संश्लेषित तेलाचे फायदे व मर्यादा

संश्लेषित तेलाचे रेणू आकार व रचनेने अधिक एकसारखे असतात. त्यामुळे उच्च तापमानाला त्याचे ऑक्सिडीकरण सावकाश होते, बाष्पीभवन कमी होते आणि गाळ कमी साचतो. तापमानानुसार त्याची श्यानता तुलनेने कमी बदलते. म्हणून ग्रेड साधण्यासाठी त्यात पॉलिमर कमी मिसळावे लागतात. गिअरच्या दात्यांमध्ये चिरडून या पॉलिमरचे तुकडे होतात व तेल पातळ होते. ज्या तेलात ते कमी, त्याचा ग्रेड अधिक काळ टिकतो.

मात्र हे गुण सर्वच परिस्थितींत सारखे उपयोगी पडत नाहीत. २०डब्ल्यू तेलाची पंपाने वाहून नेण्याची चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला, तर १०डब्ल्यू तेलाची उणे ३० अंशांना होते. द्रासच्या हिवाळ्यात हा फरक निर्णायक ठरू शकतो. महाराष्ट्राच्या मैदानी भागात त्याला फारसे महत्त्व नाही. याउलट विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तेथे वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या आणि वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला उष्णता सहन करणारे तेल उपयुक्त ठरते.

तेल केवळ उष्णतेने खराब होत नाही. त्यात न जळलेले पेट्रोल, पाण्याची वाफ, काजळी व धूळही मिसळते. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे हे पाणी व पेट्रोल उडून जात नाही. अशा वापरात महाग तेलही दूषित होते. म्हणून सिंथेटिक तेल घातले तरी उत्पादकाने सांगितलेला बदलाचा कालावधी आपल्या मनाने वाढवणे योग्य नसते.

निवडीचे निकष

वाहनासोबत मिळणाऱ्या मालक पुस्तिकेत श्यानतेचा ग्रेड, सेवावर्ग व जासो वर्ग दिलेला असतो. सेवावर्ग ‘एसजे’, ‘एसएल’, ‘एसएन’ अशा अक्षरांनी दर्शवतात. नंतरचे अक्षर नव्या वर्गाचे असते. या अटी पूर्ण करणारे खनिज तेल अटी न पाळणाऱ्या संश्लेषित तेलापेक्षा श्रेयस्कर असते. निवड साधारणपणे पुढीलप्रमाणे केली जाते :

• पुस्तिकेत संश्लेषित तेल सांगितले असल्यास तेच वापरणे.
• शहरात मध्यम वेगाने चालणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या गाडीसाठी योग्य ग्रेडचे खनिज तेल वेळेवर बदलणे बहुधा पुरेसे असते.
• अधिक फेऱ्यांवर चालणारी इंजिने, लांबचे प्रवास, घाटरस्ते किंवा तीव्र उष्णता यांसाठी संश्लेषित तेलाचा लाभ अधिक मिळतो.
• नव्या इंजिनाच्या रनिंग-इनच्या काळात उत्पादकाने सुचवलेलेच तेल ठेवणे.

खनिज व संश्लेषित तेल एकमेकांत मिसळतात. प्रवासात पातळी कमी झाल्यास त्याच ग्रेडचे व जासो वर्गाचे दुसऱ्या प्रकारचे तेल भरता येते. कमी तेलावर गाडी चालवण्यापेक्षा ते सुरक्षित असते. मिश्रणात संश्लेषित तेलाचे गुण मात्र पूर्णपणे राहत नाहीत. गाडी सरळ उभी करून पुस्तिकेतील पद्धतीनुसार डिपस्टिक किंवा काचेच्या खिडकीतून पातळी नियमित पाहणे कोणत्याही तेलाच्या बाबतीत आवश्यक असते.

वापरलेले तेल

वापरलेल्या तेलात जड धातू व ज्वलनातून निर्माण झालेली हानिकारक द्रव्ये असतात. खनिज व संश्लेषित या दोन्ही प्रकारांना हे लागू आहे. भारतात असे तेल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येते. ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता बंद डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवणे अपेक्षित असते. योग्य प्रक्रियेनंतर त्यापासून पुन्हा आधार तेल मिळवता येते. रिकामा डबा टाकून देण्यापूर्वी त्याला भोके पाडल्यास बनावट तेल भरण्यासाठी त्याचा पुनर्वापर होत नाही.