चेहरे न दिसणारा वर्ग

इंग्लंडातील बाथ या गावी राहणाऱ्या आयझॅक पिटमन नावाच्या गृहस्थाने आपण रचलेली लघुलिपी लोकांना शिकविण्यासाठी १८४० साली जी युक्ती योजिली, ती दूरशिक्षणाच्या इतिहासाचा आरंभ म्हणून सर्वत्र सांगितली जाते; परंतु ती सांगताना तिच्यातील निम्मा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा, भाग बहुधा गाळला जातो. त्याच वर्षी त्या देशात एका पेनीच्या टपालाची पद्धत अंमलात आली होती आणि पिटमनने त्या स्वस्त टपालाचा लाभ घेऊन आपले धडे घरोघर पाठविले, एवढे सांगून लोक थांबतात. वास्तविक धडे पाठविणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हती. छापील पुस्तक ते काम शेकडो वर्षे करीत आले होते. पिटमनचे विद्यार्थी दिलेला उतारा लघुलिपीत उतरवून त्याच्याकडे परत धाडीत, आणि तो त्यातील चुका दुरुस्त करून ते कागद पुन्हा ज्याचे त्याला रवाना करी. टपालाचा हा जो उलटा फेरा, त्याच्यातच त्या शिक्षणाचे सारे मर्म साठविलेले होते.

पुढे साधने पालटत गेली तसतसा हा उलटा फेरा मात्र क्षीण होत गेला. १९७५-७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने आपल्या देशातील सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांना दूरचित्रवाणीवरून शिक्षण देण्याचा जो भव्य प्रयोग झाला, तो काय, किंवा १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर सुरू केलेला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम काय, किंवा त्याच साली पुण्यात स्थापन झालेली आणि शाळेच्या दिवसांतील आठवण म्हणून आज चाळिशी ओलांडलेल्या पिढीच्या मनात घर करून राहिलेली ‘बालचित्रवाणी’ काय, या सर्वांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण पडद्यावरचा शिक्षक बोले आणि पडद्यासमोरचे मूल ऐके, त्या मुलाला काय उमगले आणि कोठे अडले याची वार्ता शिक्षकापर्यंत पोहोचण्याची काहीच तजवीज त्या व्यवस्थेत नव्हती. दूरचित्रवाणीच्या यंत्राचाच तो स्वभाव असल्यामुळे दोष कोणाला देणार?

इंटरनेटचा स्वभाव तसा नाही, आणि म्हणूनच ऑनलाइन अभ्यासक्रम चालविणारे बहुसंख्य लोक त्याचा उपयोग दूरचित्रवाणीसारखाच करतात याचे नवल वाटते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा-महाविद्यालये एका रात्रीत पडद्यावर गेली, आणि ‘सर, आवाज येत नाहीये’ हे वाक्य महाराष्ट्रभर दुमदुमू लागले. कॅमेरे बंद केलेल्या पन्नास-साठ काळ्या चौकोनांसमोर तासभर व्याख्यान देण्याचा प्रसंग ज्या शिक्षकांवर आला, त्यांना आपल्या व्यवसायाविषयी एक गोष्ट नव्याने कळली असली पाहिजे. ती अशी की, वर्गात आपण जे शिकवितो त्यातील बराचसा भाग आपण मुलांच्या चेहऱ्यांवरून वाचत असतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी पडली की हात आपोआप फळ्याकडे वळतो आणि तेच उदाहरण दुसऱ्या रीतीने मांडले जाते. चेहराच नाहीसा झाला म्हणजे ही सारी विद्या निकामी होते. ऑनलाइन शिक्षणाच्या तंत्रज्ञानाची परीक्षा, म्हणून, शिक्षक पडद्यावर किती देखणा दिसतो यावरून घेण्यापेक्षा, न दिसणाऱ्या त्या कपाळावरची आठी शिक्षकाला कळविण्याची सोय त्यात कितपत आहे, यावरून घेतली पाहिजे असे माझे मत आहे.

या शिक्षणाच्या अलीकडच्या पर्वाचा प्रारंभ २०११ सालच्या शरद ऋतूत झाला असे मानतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबॅस्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग या अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुला केला, तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांनी त्यात नावे नोंदविली. पुढल्याच वर्षी एमआयटी या संस्थेने विद्युतमंडलांवरचा अभ्यासक्रम अशाच रीतीने चालविला. अनंत अग्रवाल यांच्या नेतृत्वाखालील त्या अभ्यासक्रमाच्या हजेरीपटावरही दीड लाखांवर नावे चढली, परंतु अखेरीस प्रमाणपत्राला पात्र ठरले ते सुमारे सात हजार. या आकड्यांवरून कोणी हेटाळणी करतात, तर कोणी सात हजार विद्यार्थी एका अध्यापकाला जन्मात लाभत नाहीत, असे म्हणून त्यांचे कौतुक करतात. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. फुकट दिसले म्हणून नाव नोंदविणारा प्रत्येक जण शिकावयास आलेला असतो असे समजणे हा भाबडेपणा होईल. पण खरोखर शिकावयास आलेले लोकही वाटेत गळत गेले, आणि ते का गळले याचा शोध घेण्यास संशोधकांना प्रथमच पुरेसा पुरावा मिळाला, ही त्यातली मोठी गोष्ट.

हा पुरावा म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने कोणती चित्रफीत कधी सुरू केली, कोठे थांबविली, कोठे मागे नेली याची यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ऑनलाइन अभ्यासक्रम चालविणाऱ्या एडएक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील अशा सुमारे एकोणसत्तर लाख नोंदी तपासल्या. चित्रफीत कितीही लांब असली तरी सामान्यतः विद्यार्थी तिच्यासमोर सहा मिनिटांहून अधिक रेंगाळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष इतका गाजला की अनेक संस्थांनी त्याचे फर्मानच काढले, आणि पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे करून ते संकेतस्थळावर चढविण्याचा उद्योग जोमाने सुरू झाला. गमतीची गोष्ट अशी की, वर्गातले व्याख्यान उत्तम प्रकारे चित्रित करून त्याचे मागाहून तुकडे केले तरी ते, मुळातच पडद्यासाठी रचलेल्या पाठांइतके विद्यार्थ्यांना धरून ठेवीत नाहीत, असेही त्याच अभ्यासाने सांगितले होते. पण फर्मान काढणाऱ्यांनी तेवढा मजकूर वाचला नसावा. महागड्या स्टुडिओत ऐटीने उभे राहून केलेल्या भाषणापेक्षा आपल्या टेबलाशी बसून विद्यार्थ्याशी बोलल्यासारखे बोलणारा शिक्षक अधिक पाहिला जातो, आणि तयार छापील पाट्यांपेक्षा बोलता-बोलता हाताने लिहीत गेलेला मजकूर अधिक लक्ष वेधतो, ही निरीक्षणेही त्यात आहेत. हाताने लिहिले म्हणजे लेखणीचा वेग आणि आकलनाचा वेग यांचा मेळ राहतो, हे खडू वापरणाऱ्या आपल्या जुन्या मास्तरांना कोणी सांगावे लागले नव्हते. मात्र हे सारे संशोधन विद्यार्थी किती वेळ पाहतो याचे आहे, तो किती शिकतो याचे नाही. हा भेद विसरला की अभ्यासक्रमाचा तमाशा होतो.

आपल्याकडे, आणि तेही मुंबईत पवईच्या आयआयटीत, या प्रश्नाचा जो विचार झाला तो मला या परदेशी अभ्यासापेक्षा अधिक मूलगामी वाटतो. तेथील रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या साहाय्याने उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात मुक्त संगणक-प्रणाली शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. त्यांत शिक्षकाचा चेहरा दिसतच नाही. संगणकाचा पडदा दिसतो, त्यावर काम चाललेले दिसते, आणि मागून एक आवाज काय चालले आहे ते सांगत राहतो. विद्यार्थ्याने आपल्या पडद्याचे दोन भाग करावेत, एका भागात पाठ लावावा, दुसऱ्यात ती प्रणाली उघडावी; एक कृती पाहावी, पाठ थांबवावा, तीच कृती स्वतः करावी, आणि आपल्यापुढे उमटलेले फळ पाठातल्या फळाशी ताडून पाहून मगच पुढे जावे, अशी त्याची रीत आहे. शिक्षकाचा उलटा टपालफेरा येथे विद्यार्थ्याच्याच पडद्यावर, डाव्या भागातून उजव्या भागात, पुरा होतो. पाठाची संहिता जाणकाराने तपासलेली पुरत नाही; त्या विषयात अगदी कोऱ्या असलेल्या माणसाकडून ती तपासून घेतली जाते, आणि तो जेथे अडतो तेथे संहिता बदलावी लागते. शिवाय पडद्यावरील दृश्य तसेच ठेवून आवाज तेवढा मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिलेला असल्यामुळे, इंग्रजीत बोलण्याची धास्ती असलेल्या तालुक्याच्या गावच्या मुलालाही इंग्रजी आज्ञावल्यांची नावे डोळ्यांनी आणि त्यांचा अर्थ कानांनी, दोन्ही एकाच वेळी, ग्रहण करता येतो.

संगणक-प्रणालीचे ठीक आहे, तिथे चूक झाली की यंत्रच ओरडते. पण इतिहास, अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकविणाऱ्याने काय करावे? येथे स्मरणशक्तीविषयीच्या संशोधनाचा उपयोग होतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की, एखादा उतारा पुन्हा-पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरतात, परंतु आठवडा उलटला म्हणजे, एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिणारेच पुढे जातात. पुढे २०१३ मध्ये स्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी ध्वनिचित्रित व्याख्यानाचे भाग पाडून प्रत्येक भागानंतर काही विद्यार्थ्यांना छोटी चाचणी दिली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण, चाचणी न दिलेल्यांच्या मानाने, निम्म्यावर आले. याचा अर्थ असा की, मधूनमधून विचारलेला प्रश्न हा जसा पाठाचा जमाखर्च आहे, तसाच तो पाठाचाच भाग आहे. नाशिकच्या, १९८९ साली स्थापन झालेल्या, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या छापील पुस्तकांत थोड्या-थोड्या मजकुरानंतर ‘तुम्हीच तपासून पाहा’ अशा धर्तीचे प्रश्न असत. राम ताकवले या संस्थापक कुलगुरूंनी ज्या दूरशिक्षण-शास्त्राचा पाया तेथे घातला, त्याला हे तत्त्व अवगत होते. संगणकाने त्यात भर घातली ती उत्तराची तात्काळ दखल घेण्याची.

ही भर मामुली नाही, पण तिचा उपयोग करून घेण्यास शिक्षकाला डोके चालवावे लागते. समजा, वाणिज्याच्या शिक्षकाने विचारले की, शंभर रुपयांच्या वस्तूची किंमत प्रथम २० टक्क्यांनी वाढविली आणि मग नव्या किमतीवर २० टक्के सूट दिली, तर ती कितीला पडेल? पर्याय म्हणून १००, ९६, १०४ आणि ८० हे आकडे दिले. बहुतेक ठिकाणी १०० निवडणाऱ्या मुलाला ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच लाल अक्षरांत दिसते. वास्तविक १०० हा आकडा निवडणाऱ्याच्या डोक्यात एक निश्चित गैरसमज आहे. टक्के हे टक्क्यांतून वजा जातात असे त्याला वाटते, ते कशाचे टक्के हे तो पाहत नाही. ८० निवडणारा वाढ विसरला आहे, आणि १०४ निवडणाऱ्याने चार रुपयांचा फरक बरोबर काढून दिशा उलटी धरली आहे. मूडलसारख्या, कोणालाही विनामूल्य वापरता येणाऱ्या, अध्यापन-प्रणालीत प्रत्येक चुकीच्या पर्यायाला स्वतंत्र शेरा जोडण्याची सोय पूर्वीपासून आहे. तेव्हा १०० निवडणाऱ्याला ‘१२० चे २० टक्के किती, ते कागदावर मांडून पाहा’ असा शेरा मिळाला पाहिजे, आणि शिक्षकानेही दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडून किती जण १०० वर गेले ते पाहिले पाहिजे. निम्मा वर्ग तेथे गेला असेल, तर दोष मुलांचा नसून पाठाचा आहे, आणि तो पाठ नव्याने बोलावा लागेल. चित्रफितीतील एखाद्याच मिनिटाशी पुष्कळ जण मागे-पुढे घुटमळले असतील, तर तेही अडखळल्याचे तसेच चिन्ह समजावे.

साधनांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, जरी दुकानदार त्याविषयी दोनशे सांगतात. कॅमेऱ्यावर खर्च करण्यापूर्वी माइकवर करावा. पुसट चित्र माणूस खपवून घेतो, पण पंख्याची घरघर आणि भिंतींचा घुमारा मिसळलेला आवाज दहा मिनिटेसुद्धा सोसत नाही. आपली प्रत्येक पाटी स्वतःच्या मोबाइलवर उघडून वाचावी, कारण बहुतेक विद्यार्थी ती तेथेच वाचणार आहेत, आणि मोठ्या पडद्यावर शोभणारी बारीक अक्षरे तेथे मुंग्यांची रांग होतात. ज्यांच्याकडे रोजचा डेटा मोजका आहे त्यांच्यासाठी पाठाचा मजकूर आणि नुसता आवाज उतरवून घेण्याची सोय असावी. सर्वांनी एकाच वेळी जमण्याचा ऑनलाइन तास व्याख्यानात घालवू नये. व्याख्यान आधी ध्वनिचित्रित करून द्यावे आणि तासात शंका, वाद आणि गणिते घ्यावीत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण जाणतोच; त्या प्रयोगात यंत्र अगदी साधे होते, आणि पुस्तक हातात घेतलेले मूल त्याच क्षणी काय करील याचा विचार मात्र बारकाईने केलेला होता.

एवढे केल्यावरही एक गोष्ट यंत्राच्या आवाक्याबाहेर राहते, आणि ती म्हणजे निबंधासारख्या लांब उत्तरावरचा शेरा. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने दूरचित्रवाणीचा मोठा बोलबाला केला खरा, परंतु पहिल्यापासूनच विद्यार्थ्यांच्या लेखी स्वाध्यायांवर सविस्तर अभिप्राय लिहून ते परत पाठविणाऱ्या मार्गदर्शकांची फौज त्याने बाळगली. एनपीटीईएल या आपल्या आयआयटींच्या संयुक्त उपक्रमात दर आठवड्याचे स्वाध्याय ठराविक मुदतीत द्यावे लागतात आणि अंतिम परीक्षा नेमलेल्या केंद्रावर समक्ष बसून द्यावी लागते, त्यामुळे त्यांच्या प्रमाणपत्राची खातरजमा होते. शंकानिरसनाचे कामही अध्यापकांच्या हाताखालचे साहाय्यक चर्चापीठावर करीत असतात. याउलट, अनेक महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकांत स्टुडिओ, दिवे, हिरवा पडदा आणि प्रणालीच्या वार्षिक वर्गणीचा तपशील व्यवस्थित मांडलेला असतो, आणि आलेली उत्तरे वाचून त्यांवर दोन ओळी लिहिणाऱ्या माणसाच्या मेहनतान्याचे कलम मात्र कोठेच सापडत नाही. ते काम ज्याचे व्याख्यान ध्वनिचित्रित झाले त्याच अध्यापकाने, आपले नेहमीचे तास सांभाळून, फावल्या वेळात करावे अशी अपेक्षा असते. आणि दीडशे उत्तरांच्या ढिगाऱ्यापुढे रात्री बसलेला तो अध्यापक, तिसाव्या उत्तरानंतर ‘ठीक’ एवढाच शेरा टंकू लागतो.