रोजचे एक पान

माणूस आपले स्वतःचे असे काही लिहायला का बसतो? हिशेबाची वही, कचेरीतला अर्ज, सोयऱ्याला पत्र, हे लिहावेच लागते. पण कुणी मागितले नाही, कुणी दिडकी देणार नाही, तरी रोज एक पान लिहून चार जणांपुढे ठेवायचे, हा उद्योग कशासाठी? याचे उत्तर आपल्या खानदेशातच सापडते.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता शाळेचा तास तो केवढा! घंटा झाली की इतिहास मिटायचा आणि गणित उघडायचे. मुलांना जे सांगावेसे वाटे, ते क्रमिक पुस्तकात मावणारे नव्हते. वर्तमानपत्रे होती, पण ती मोठ्यांसाठी. घर सोडून शिकायला आलेल्या पोरांसाठी त्यांत काय असणार? म्हणून गुरुजींनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. त्याला छापखाना लागला नाही. गुरुजींनी हाताने लिहायचे, मुलांनी वाचायचे. बस्स, एवढेच.

यात एक मर्म आहे, बरं का. वाचणारा कोण हे त्यांना ठाऊक होते. ज्याच्यासाठी लिहायचे त्याचा चेहरा डोळ्यांपुढे असला, की शब्द जड होत नाहीत. दुसरे असे, की मनात सगळे सरळच वाटते. कागदावर उतरवू लागले म्हणजे कुठे गुंता आहे ते कळते. रोज लिहिणाऱ्याला रोज हा गुंता सोडवावा लागतो. त्यात वाचणाऱ्याइतकाच लिहिणाराही शिकतो.

या हस्तलिखितानंतर १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. १९३० साली गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ती प्रवचने गुरुजींनीच टिपून घेतली. बोलणे वाऱ्यावर गेले असते. लिहिले म्हणून ‘गीता प्रवचने’ आज घरोघरी आहेत.

कुणी म्हणेल, ‘गुरुजी मोठे. आमच्याजवळ लिहिण्यासारखे आहे काय?’ जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गात. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी जे टिपून ठेवले, ते त्यांच्या मागे १९५२ साली पुस्तकरूपाने आले. टिपायचे राहिले ते गेले. आपल्या गावातही अशा कितीतरी आज्या ओव्या घेऊन निघून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अहिराणीतले शब्दही गेले.

म्हणून शिक्षकमंडळींना विनंती आहे. शाळेच्या भिंतीवर एका कागदापुरती जागा ठेवा. गावची विहीर कुणी खणली, कोणत्या साली ती आटली, कपाशीला यंदा काय रोग पडला, आजीने कोणती म्हण सांगितली, ते त्यावर येऊ द्या. आधी तुम्ही लिहा. मग मुले लिहितील. शेतकरीदादांनो, तुम्हीही वही घाला. मोबाईलवर लिहीत असाल तरी चालेल. मात्र वर तारीख आणि गावाचे नाव घालायला विसरू नका. तुमच्या नातवाला आधी तेच लागणार आहे.