गाडीची जुनी वायरिंग : फेकून द्यायची की साफ करून पुन्हा बसवायची?

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या बाजूला धावडा नावाचं गाव आहे. हा सगळा पट्टा मिरचीचा. हिरवी मिरची फार वेळ थांबत नाही, त्यामुळे दिवसभर तोडणी झाली की पोती भरून माल लगेच बाजाराच्या वाटेला लावावा लागतो. म्हणजे हंगामात इथल्या पिकअप गाड्यांचं बरंचसं काम अंधारात असतं.

आणि नेमक्या अंधारातच जुन्या गाडीची वायरिंग रंग दाखवते. हेडलाइट मिणमिणतो. ब्रेक दाबला की भलताच इंडिकेटर लुकलुकायला लागतो. खड्ड्यातून गाडी गेली की डॅशबोर्ड क्षणभर विझतो. बॅटरी नवी टाकून झाली, अल्टरनेटर तपासून झाला, तरी त्रास तसाच. मग गॅरेजमध्ये निकाल लागतो, ‘वायरिंग गेली, पूर्ण सेट बदला.’

हा सेट स्वस्त नसतो. डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी वेगळी, आणि गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी असेल तर तिचा नवा सेट मिळेलच याची खात्री नाही. मग दोन वाटा उरतात. भंगारात गेलेल्या तशाच गाडीची वायरिंग आणायची, नाहीतर आपलीच काढून दुरुस्त करायची. दोन्हीकडे पुढचं काम एकच, ते म्हणजे जुनी वायरिंग साफ करून तिला पुन्हा कामाला लावणं.

हे होतं का? होतं. कारण ‘वायरिंग गेली’ असं म्हटलं जातं तेव्हा बहुतेक वेळा आतली तांब्याची तार ठणठणीत असते. बिघडलेली असतात ती तिची टोकं, म्हणजे कपलरमधल्या पिना, बॉडीला बोल्टने कसलेले अर्थ आणि आधीच्या कोणीतरी घाईत मारलेले जोड.

वायरिंग बनते कशी?

एका मोटारीतल्या सगळ्या तारा सोडवून एकापुढे एक ठेवल्या तर लांबी किलोमीटरमध्ये जाते. त्या ठरलेल्या मापाने कापून, टोकांना पिना दाबून, कपलरमध्ये बसवून, मोठ्या फळ्यावर आखणीप्रमाणे अंथरून टेपने गुंडाळतात. गाडीचा सांगाडा रोबो जोडत असले तरी हे गुंडाळण्याचं काम अजून मुख्यतः माणसाच्या हातांनीच होतं. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिथले वायरिंगचे कारखाने बंद पडले, तेव्हा फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूलाही काही कारखान्यांतलं उत्पादन थांबवावं लागलं होतं. इंजिन तयार, बॉडी तयार, पण वायरिंग नाही म्हणून गाडी नाही.

जी वस्तू हाताने बनते ती हाताने उलगडता येते. फक्त घाई चालत नाही.

दोष शोधायचा कसा?

हेडलाइटचा साठ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण पाच अँपिअर करंट ओढतो. कपलरच्या पिनेवर मळ साचून तिथे 0.2 ओहमचा अडथळा तयार झाला, तर पाच गुणिले 0.2, म्हणजे एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. एक व्होल्टने काय बिघडतं? बरंच काही. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या तुलनेत फार वेगाने घसरतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. शिवाय तो हरवलेला एक व्होल्ट पाच वॉट उष्णता होऊन त्या एवढ्याशा पिनेत साठतो. कपलर पिवळा पडणं, मग वितळणं, आणि कधीतरी गाडीने पेट घेणं, याची सुरुवात अशी होते.

इथे एक चूक हमखास होते. मल्टिमीटर ‘बीप’वर लावून तार तपासली जाते, बीप वाजला की तार चांगली असा निष्कर्ष निघतो. पण वीस काड्यांच्या तारेतल्या एकोणीस तुटून एकच शिल्लक असली तरी बीप वाजतोच. त्या एका काडीतून पाच अँपिअर नीट जाणार नाही, हे मीटरला कळत नाही.

म्हणून तपासणी भार चालू ठेवून करायची. हेडलाइट लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनेवर. मीटरने 0.1 ते 0.2 व्होल्टच्या आत दाखवलं तर अर्थ ठीक आहे. अर्धा किंवा एक व्होल्ट दाखवला, तर दोष त्या वाटेतच आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही हीच पद्धत. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकण्याचं कोडंही बहुतेकदा इथेच सुटतं. मागच्या दिव्यांचा सामायिक अर्थ गंजलेला असतो आणि करंट शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधतो. अशा वेळी बोल्ट काढून, खालचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून, पुन्हा कसला की काम झालं. पूर्ण सेट बदलायला निघालेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर सुधारू शकतात.

तरीही दोष पसरलेला असेल, तर वायरिंग खाली उतरवायची.

उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल पहिली काढायची. मग मोबाइलने फोटो काढायचे, प्रत्येक वळणाचा, प्रत्येक क्लिपचा. प्रत्येक कपलरला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण पंधरा दिवसांनी वायरिंग परत बसवताना एकसारखे दोन कपलर हातात येतात, तेव्हा त्या चिठ्ठ्यांची किंमत कळते.

जुनी टेप उन्हात थोडी तापवली की सहज सुटते. तिचा चिकट राळ तारांवर राहतो. तो काढायला गॅरेजमध्ये पेट्रोलचा बोळा पुढे येतो, तो नको. आगीचा धोका आहेच, पण पेट्रोल प्लास्टिकला मऊ ठेवणारा घटक शोषून घेतं आणि वरचं आवरण कालांतराने कडक होतं, कपलरमधली रबरी सीलं फुगतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पिळलेल्या फडक्याने तारा पुसायच्या, आणि राहिलेल्या चिकट डागांना आयसोप्रोपिल अल्कोहोल. वायरिंग बादलीत बुडवायची नाही. तारांच्या पुंजक्यात शिरलेलं पाणी वाळायला दिवस लागतात आणि पिनेच्या मागच्या बाजूला ते थांबून राहतं.

पिनांची गोष्ट वेगळी. तांब्याचा तांब्या कळकला की घरात चिंच किंवा लिंबू लावून घासतात. पिनेवरचा हिरवा थर त्याच जातीचा, म्हणून आम्ल त्यालाही काढतं. पण पिना पितळेच्या किंवा तांब्याच्या असून त्यांवर कथलाचा पातळ मुलामा असतो, सोप्या भाषेत कल्हई. पॉलिश पेपरने घासलं की हिरवेपणाबरोबर कल्हईही जाते, पिन चार दिवस चमकते आणि मग आधीपेक्षा लवकर कळकते. हलका मळ असेल तर इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा नेहमीचा स्प्रे त्याच्या जागी वापरू नये, तो मागे तेलाचा थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. पिन खड्डे पडेपर्यंत खाल्ली गेली असेल, तर ती वाचवण्यात अर्थ नाही. कपलरमधून बारीक सुईसारख्या अवजाराने तिची कडी दाबून बाहेर काढायची आणि नवी लावायची.

स्वच्छ पिनही ढिली असू शकते. मादी पिनेत तसलीच एक सुटी नर पिन घालून ओढून बघायची. थोडा अडकाव जाणवला पाहिजे. आपोआप गळून पडत असेल, तर कितीही स्वच्छ केली तरी ती पुन्हा तापणार.

जोड : सोल्डर की क्रिंप?

यावरून इलेक्ट्रिशियन मंडळींत जुना वाद आहे. सोल्डर चांगला असतो, पण कथील तारेच्या काड्यांत झिरपतं आणि जिथे ते संपतं तिथे मऊ आणि कडक यांची सीमा तयार होते. गाडी सतत थरथरत असते, तार त्या सीमेवर वाकून वाकून तुटते. म्हणून गाडीत योग्य मापाची बट-स्लीव्ह आणि योग्य पक्कड वापरून दाबलेला जोड, त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी, हा प्रकार जास्त भरवशाचा. सोल्डर करायचाच असेल तर दोन्ही बाजूंना तारेला आधार द्यावा. नुसती पीळ मारून वर काळी टेप लावणं हा जोड नाही. वायरिंग उघडल्यावर सर्वांत आधी असे पीळ शोधून कापायचे. एकाच जागी चार-पाच तारांचे जोड आले तर तिथे गाठ होते, म्हणून ते थोड्या थोड्या अंतरावर घ्यायचे.

तार कापली आणि आतलं तांबं काळं दिसलं, तर मागे मागे कापत जायचं. ओलावा आवरणाच्या आतून कापसाच्या वातीसारखा चढतो. दोन-चार इंचांत लखलखीत तांबं लागलं तर जोड मारावा. हातभर गेलं तरी काळंच, तर ती अख्खी तार बदलावी, आणि नवी तार जुन्याच जाडीची घ्यावी. फ्यूज तारेच्या जाडीवरून ठरलेला असतो. दहा अँपिअरचा उडतो म्हणून वीसचा टाकला, किंवा ‘सध्यापुरती’ तारेची काडी लावली, तर पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूजऐवजी तार जळते.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. एअरबॅगच्या तारा, ज्या बहुधा पिवळ्या आवरणात असतात, घरगुती दुरुस्तीसाठी नाहीत. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारांतून कॉम्प्युटरचे संदेश जातात, त्यांचा पीळ सोडायचा नाही. आणि वाकवल्यावर आवरणाला चिरा पडत असतील, तर ती वायरिंग संपली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही मर्सिडीज गाड्यांत हेच झालं होतं. तारांचं आवरण काही वर्षांतच बिस्किटासारखं चुरायला लागलं आणि पूर्ण सेट बदलण्यावाचून इलाज उरला नाही.

भंगारातून वायरिंग आणणार असाल तर मॉडेल, साल आणि व्हेरियंट तिन्ही जुळायला हवेत. एका कपलरची पिन कमी-जास्त असली तरी घोळ होतो. बिल मागून घ्यावं. दोन-तीन ठिकाणी टेप सोडवून आत बारीक गाळ आहे का तेही बघावं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. अशा गाडीची वायरिंग वरून धुऊन नव्यासारखी दिसते, पण पिनांच्या मागे शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने काम करत राहतो.

आता उंदीर. मक्याची कणसं आणि कापूस घरात, गाडी शेजारच्या पत्र्याखाली आणि इंजिन उबदार, यापेक्षा चांगली जागा उंदराला कुठे मिळणार? त्यांचे दात सतत वाढतात, म्हणून ते कुरतडतात. यावर होंडा कंपनीने परदेशात एक टेप विकायला काढली, तिच्यात कॅप्सायसिन असतं. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीला तिखट करणारा घटक. धावड्याच्या शिवारात जे पोत्याने पिकतं, त्याचाच अंश लावलेली टेप जगात उंदरांसाठी विकली जाते! मात्र घरची मिरचीपूड पाण्यात कालवून वायरिंगवर फासू नये. ती ओलावा धरते आणि हात घालणाऱ्या मेकॅनिकच्या डोळ्यांत जाते. गाडी रोज हलवणं आणि बॉनेटखाली चारा-कापसाचा कण राहू न देणं, हे जास्त उपयोगी.

परत गुंडाळताना इंजिनजवळ कापडी टेप वापरावी. साधी काळी टेप उष्णतेने पाघळते. त्यावर चुण्यांची प्लास्टिक नळी, तिची चीर खालच्या बाजूला, म्हणजे पाणी साचणार नाही. रबरी सीलांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. वायरिंग जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथली रबरी बुशी फाटली असेल तर नवी घालायची, नाहीतर पत्र्याची धार तार कापते.

बॅटरी जोडण्याआधी शेवटची परीक्षा. किल्ली बंद, दारं बंद. निगेटिव्ह केबल थेट न लावता केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब जोडायचा. बल्ब विझलेला राहिला किंवा क्षणभर चमकून मंद झाला, तर ठीक. भगभगीत पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे तार जळणार नाही. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या वाटेवरची टेप पुन्हा सोडायची.